जाणत्याचे देणे

जो जाणता आहे तो अजाणत्याचे काही देणे लागतो काय, हा प्रश्न दिसावयास सोपा आहे. गुरू शिष्याचे देणे लागतो, वैद्य रोग्याचे लागतो, वकील अशिलाचे लागतो, हे आपण वादाविना मान्य करतो. या तिघांच्या धंद्यांना शपथ असते, परंपरा असते, निदान तसा लौकिक तरी असतो. परंतु जाणता जेव्हा फळीमागे उभा असलेला दुकानदार असतो आणि अजाणता हातात पैसे घेऊन आलेला गिऱ्हाईक असतो, तेव्हा तेच उत्तर देताना आपण अडखळतो. दुकानदाराने खोटे बोलू नये, मापात पाप करू नये, येथवर सर्वांचे एकमत होते. पण जे त्याला विचारलेच नाही, तेही त्याने सांगावे काय? जो माल विकत घेण्यास गिऱ्हाईक उत्सुक आहे, तो त्याला उपयोगी पडणार नाही हे ठाऊक असताना त्याने तो विकावा काय? या प्रश्नाचा ऊहापोह करण्यास मला ग्रंथांपेक्षा चेन्नईतील मोटारसायकलींच्या सुट्या भागांचा बाजार अधिक उपयोगी पडला, म्हणून त्या बाजाराविषयी थोडे सांगतो.

चेन्नईस बदली होऊन आलेल्या मराठी माणसास मरीना ठाऊक असते, मैलापूरचे कपालीश्वर मंदिर ठाऊक असते, दिवाळीच्या खरेदीपुरते टी. नगरही ठाऊक होते. जनरल पॅटर्स रोड मात्र ज्याच्या घरी जुने वाहन आहे त्यालाच ठाऊक असतो. अण्णा सालैपासून, म्हणजे जुन्या माउंट रोडपासून, आत वळणारा हा रस्ता वाहनांच्या सुट्या भागांच्या दुकानांनी भरलेला आहे. तेथून फार लांब नसलेल्या, कूवम नदीच्या काठच्या पुदुपेट्टैत जुनी वाहने उकलली जातात आणि त्यांचे अवयव निराळे करून विकले जातात. एका ठिकाणी डबीबंद नवे भाग, दुसऱ्या ठिकाणी तेलकट जुने. या शहराचे बुलेट मोटारसायकलीशी नाते तर विशेष जवळचे आहे. मद्रास मोटर्स आणि इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एन्फील्ड कंपनी यांच्या भागीदारीतून १९५५ साली एन्फील्ड इंडिया ही कंपनी येथे निघाली, आणि शहराच्या उत्तरेस तिरुवोट्टियूर येथे तिचा कारखाना उभा राहिला. आरंभी विलायतेहून आलेले भाग येथे जोडले जात; पुढे भागही येथेच तयार होऊ लागले. मूळ इंग्लिश कंपनीचे उत्पादन १९७० साली थांबले, पण तिचे हे यंत्र चेन्नईत निघतच राहिले. १९९४ साली कंपनी आयशर समूहात गेली. या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस नव्या रचनेचे इंजिन आले आणि जुने बिडाचे इंजिन मागे पडले. मात्र ते इंजिन बसविलेल्या गाड्या देशभर आजही धावत आहेत आणि त्यांना भाग लागतात. ते भाग पुरविणारे काही खास दुकानदार या बाजारात आहेत. अन्य कशाचाही व्यापार ते करीत नाहीत.

मजजवळ बिडाच्या इंजिनाची अशी एक साडेतीनशे सी.सी.ची बुलेट आहे. बदलीवर उत्तरेकडे गेलेल्या एका सहकाऱ्याकडून ती मी घेतली. तिच्या निमित्ताने या बाजारातील दोन दुकानांशी माझा संबंध आला. त्यांची नावे सांगण्याचे प्रयोजन नाही. अशी दुकाने प्रत्येक शहरात असतात.

पहिले दुकान प्रशस्त होते. वातानुकूलित हवा, बसावयास खुर्ची, आल्याबरोबर पाण्याचा पेला आणि ‘सार, सार’ असा आदराचा वर्षाव. मी क्लचच्या प्लेटा मागितल्या. माझी गाडी कोणत्या सालची, कोणत्या घडणीची, हे कोणी विचारले नाही. डबी पुढे आली, पैसे झाले, आणि दुकानाविषयी आपले मत कळवा अशी विनंती करणारा संदेश मी रस्त्यावर पोहोचण्यापूर्वीच भ्रमणध्वनीवर आला. दोन महिन्यांत त्या प्लेटा जळून गेल्या. माझ्या मेकॅनिकने सांगितले की, डबी ओळखीची असली तरी आतील माल तिचा नव्हे. दुकानात गेलो, तेव्हा त्याच आदराने, त्याच पाण्याच्या पेल्यासह, भिंतीवरील पाटीकडे बोट दाखविण्यात आले: एकदा विकलेला माल परत घेतला जात नाही.

दुसरे दुकान म्हणजे दोन भिंतींमधील एक फट होती म्हणा ना! खुर्ची नव्हती. साठी उलटलेले, पांढरे वेष्टी नेसलेले एक गृहस्थ फळीमागे उभे असत, आणि त्यांच्या मागे छतापर्यंत लाकडी खण. मेकॅनिकने दिलेली चिठ्ठी मी पुढे केली. तीत पिस्टन व रिंगा एवढेच लिहिले होते. गृहस्थांनी चिठ्ठी वाचली आणि विचारले, “बोअर मोजला?” मेकॅनिकने मोजला असेल, असे मी म्हणालो. “असेल नव्हे. मोजून आणा.” हवी ती डबी त्यांच्या खांद्यामागे मला दिसत होती. मी तिच्याकडे बोट दाखविताच ते म्हणाले, “वेंडाम, सार.” आणि ते पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

तमिळ मला बेताचीच येते. पण या भाषेतील दोन नकार बाजारात फिरणारास लवकर कळतात. ‘इल्लै’ म्हणजे नाही, आणि ‘वेंडाम’ म्हणजे नको. दुकानात ‘इल्लै’ शेकडो वेळा ऐकू येते. माल नसला की दुकानदार ते म्हणतो. ‘वेंडाम’ हा शब्द बहुधा गिऱ्हाईक उच्चारते. येथे तो विकणारा उच्चारीत होता. माल आहे, पैसे देणारा उभा आहे, आणि विकणाराच म्हणतो आहे की हा तुम्हांस नको. मी घुटमळलेला पाहून त्यांनी मोडक्यातोडक्या हिंदी-इंग्रजीत कारण सांगितले. या इंजिनाच्या सिलिंडरचा मूळ व्यास सत्तर मिलिमीटर. झीज झाली की तो लेथवर मोठा करतात, वीस थाउने, मग चाळीस थाउने. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. जेवढा सिलिंडर मोठा केला असेल तेवढाच मोठा पिस्टन हवा. मोठ्या केलेल्या सिलिंडरात मूळ मापाचा पिस्टन घातला, तर तो खडखडेल, गाडी तेल जाळील, “आणि मग तुम्ही येऊन मला शिव्या द्याल.” सिलिंडर मोजून घेतला. तो पूर्वी एकदा वीस थाउने मोठा केलेला निघाला, आणि आता त्यास चाळीसची गरज होती. त्या डबीतील पिस्टन मला खरोखरच निरुपयोगी ठरला असता.

या दोन दुकानांपैकी सेवा कोणी केली? आजच्या व्यवहारात ‘सेवा’ या शब्दाचा अर्थ फार पातळ झाला आहे. हसतमुखाने स्वागत, तत्पर उत्तर आणि मागाहून अभिप्रायाची विनंती, एवढे झाले की सेवा झाली असे मानण्याचा प्रघात पडला आहे. सौजन्य ही हलकी गोष्ट नव्हे. परक्या मुलखात तर एक हसरा चेहराही दिलासा देतो. परंतु सौजन्य हे सेवेचे वस्त्र आहे, देह नव्हे. गिऱ्हाईक दुकानात येते ते स्वतःजवळ नसलेली गोष्ट घेण्यासाठी. आणि जेथे माल गुंतागुंतीचा असतो तेथे त्याच्याजवळ नसलेली पहिली गोष्ट माल नसून माहिती असते. माहिती न देता केवळ माल देणारा दुकानदार अर्धाच व्यवहार करतो, आणि पैसे मात्र पूर्ण घेतो.

यावर एक बिनतोड वाटणारा आक्षेप आहे, आणि तो दोन हजार वर्षांपूर्वीच घेतला गेला आहे. रोमन विचारवंत सिसेरो याने इ. स. पू. ४४ मध्ये कर्तव्यांविषयी एक ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात त्याने एक कूट मांडले आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे. एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचे गलबत घेऊन तेथे पोहोचतो. आपल्यामागून आणखी गलबते येत आहेत हे त्याने वाटेत पाहिले आहे. ते त्याने बेटकरांना सांगावे, की मौन पाळून चढ्या भावाने धान्य विकावे? स्टोइक पंथाच्या दोन तत्त्वज्ञांनी यावर दोन परस्परविरोधी उत्तरे दिली, असे सिसेरो सांगतो. अँटिपेटरचे म्हणणे, सारे सांगितले पाहिजे. डायोजिनीसचे म्हणणे, कायद्याने सांगितले आहे तेवढे दोष उघड करावेत, फसवू नये, आणि बाकी आपला माल शक्य तितक्या चांगल्या भावाने विकावा. न सांगणे म्हणजे लपविणे नव्हे. सिसेरोने स्वतः कौल दिला तो अँटिपेटरच्या बाजूने.

मला मात्र डायोजिनीसच्या म्हणण्यात काही तथ्य दिसते. माझ्या ओळखीच्या त्या गृहस्थांनी सारे आयुष्य या एका यंत्राच्या अभ्यासात घालविले. कोणता भाग कोणत्या सालापर्यंत चालतो, कोणत्या खणात कोणती डबी, हे ज्ञान म्हणजे त्यांची पुंजी आहे. ते त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्यास फुकट वाटावे, असे म्हणण्याचा अधिकार आपणांस कोठून आला? शेजारच्या गल्लीत हाच पिस्टन दोनशे रुपयांनी स्वस्त मिळतो, हेही त्यांनी सांगावे काय? तसे सांगणारा दुकानदार संत असेल, पण संत नसणे हा अपराध नव्हे.

तेव्हा मौनामौनांत भेद केला पाहिजे. सिसेरोनेच त्याच ठिकाणी दुसरे एक उदाहरण घेतले आहे. घर विकावयाचे आहे. ते रोगट आहे, त्याचे लाकूड कुजके आहे, खोल्यांत सापांचा वावर आहे, आणि हे मालकावाचून कोणास ठाऊक नाही. ही दोन उदाहरणे तो एकाच तागडीत तोलतो. मला ती निराळी वाटतात. धान्याच्या उदाहरणात धान्य चांगलेच आहे, घेणाराची भूक त्याने भागते, फक्त भावाची बातमी गुप्त आहे. घराच्या उदाहरणात ज्यासाठी घर घ्यावयाचे तो हेतूच फसतो. भावाची चौकशी गिऱ्हाईक चार दुकाने हिंडून स्वतः करू शकते. सिलिंडरच्या मापाचे महत्त्व मात्र चाळीस दुकाने हिंडूनही त्याला कळत नाही, कारण काय विचारावे हेच त्याला ठाऊक नसते. माझ्या मते जाणत्याचे देणे येथे सुरू होते. जे अजाणत्यास स्वतःहून कळणे शक्य नाही, आणि जे न कळल्याने त्याचा हेतूच फसेल, तेवढे सांगणे हे उपकार नव्हे, ते देणे आहे. त्यापलीकडचे सारे औदार्य.

दुर्मिळ मालाच्या किमतीचा प्रश्नही याच कसोटीवर लावता येतो. जुन्या गाडीचा दातेरी भाग सांगितल्या किमतीस घेताना मन कुरकुरते. पण तो भाग बनणे थांबल्यावर कोणीतरी तो पैसे गुंतवून विकत घेतला, वर्षानुवर्षे खणात जपून ठेवला, आणि कधीतरी गिऱ्हाईक येईल म्हणून वाट पाहिली. त्या वाट पाहण्याचे मोल किमतीत असणे अन्याय नव्हे. अन्याय होतो तो दोन प्रसंगी. माणसाचा चेहरा, पोशाख आणि भाषा पाहून भाव बदलला तर. आणि भाग अडवून धरून गरजवंताची कोंडी केली तर. दुसऱ्या प्रकारची दखल आपल्या देशात कायद्यानेही घेतली आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ च्या ऑगस्टमध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात येऊ न देण्याबद्दल. प्रकरण पुढे अपिलात गेले. पण दुरुस्तीचे ज्ञान अडवून ठेवणे हाही एक जाच आहे, हे तत्त्व त्यातून पुढे आले. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ चा. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २०२० च्या जुलैत अमलात आला. सदोष माल आणि खोटी जाहिरात यांविरुद्ध दाद मागण्याची सोय त्यात आहे. पण चांगल्या स्थितीतील खरा पिस्टन, जो केवळ माझ्या सिलिंडरास चालणार नाही, तो मी आपण होऊन मागितला असता, ‘हा तुम्हांस नको’ असे म्हणण्याची सक्ती दुकानदारावर कोणता कायदा करणार? कायदा फार तर खोट्याचे तोंड बंद करील. खऱ्याचे तोंड उघडणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे.

मग ते तोंड कशाने उघडते? “तुम्ही येऊन मला शिव्या द्याल,” हे त्या गृहस्थांनी दिलेले कारण जर्मन तत्त्वज्ञ कांट याने ऐकले असते, तर त्याने मान हलविली असती. १७८५ मधील आपल्या नीतिविषयक ग्रंथात त्याने अशाच एका दुकानदाराचे उदाहरण घेतले आहे. तो लहान मुलासही इतरांच्याच भावाने माल देतो. लोक प्रामाणिकपणे वागविले जातात खरे, पण नाव राहावे, धंदा चालावा म्हणून तो तसे वागत असेल, तर त्या वागण्यास नैतिक मोल नाही, असे कांट म्हणतो. या कसोटीवर माझे गृहस्थ उतरतात की नाही, हे ठरविण्याची मला एकदा संधी मिळाली. रामेश्वरकडे निघालेला परप्रांतीचा एक प्रवासी क्लचची नवी तार मागत होता. तो पुन्हा या दुकानाची पायरी चढण्याची शक्यता नव्हती. गृहस्थांनी त्याची जुनी तार काढून पाहिली, टोकाचे निखळलेले निपल डाग देऊन बसविले, आणि नव्या तारेस पुन्हा एकदा ‘वेंडाम’ म्हटले. तेथे नावाचा लोभ नव्हता, शिव्यांची भीती नव्हती. तरीही कांट म्हणेल की त्यांच्या अंतरंगात काय होते हे आपणांस कळणार नाही. खरे आहे. पण गिऱ्हाइकाने दुकानदाराच्या अंतरंगात डोकावण्याचे कारण काय?

या ठिकाणी कांटपेक्षा आपले महाभारत मला अधिक जवळचे वाटते. शांतिपर्वात जाजली नावाच्या तपस्व्याची कथा आहे. तो इतका निश्चल उभा राहिला की पक्ष्यांनी त्याच्या जटांत घरटे केले. त्याला तपाचा गर्व झाला, तेव्हा त्याने वाणी ऐकली की, वाराणसीच्या तुलाधाराची तुझी बरोबरी नाही. हा तुलाधार कोण, तर बाजारात बसून मुळ्या, सुगंधी द्रव्ये आणि रस विकणारा वाणी. धर्म शिकण्यासाठी तपस्व्यास त्याच्या दुकानी जावे लागले. आपला तराजू सर्व प्राण्यांना सारखा आहे, हे त्याच्या बोलण्याचे सार. या प्रांतीच्या तिरुक्कुरळातही समतोल वृत्तीचा जो बारावा अध्याय आहे, त्यात तराजूची उपमा येते आणि अध्यायाच्या शेवटी व्यापाऱ्याचा धर्म येतो: दुसऱ्याची वस्तू आपलीच मानून जपण्याचा. उत्तरेच्या वाण्याचा आणि दक्षिणेच्या कवीचा तराजू एकच असावा, यात मला नवल वाटत नाही. हेतू अदृश्य असतो, तराजू दिसतो. ओळखीचा आणि अनोळखी, तमिळ बोलणारा आणि न बोलणारा, पुन्हा येणारा आणि न येणारा, या सर्वांसाठी काटा एकाच ठिकाणी थांबत असेल, तर त्या दुकानदाराने आपले देणे फेडले असे समजावे.

परंतु देणे एकाच बाजूस असते असे नव्हे. त्याच दुकानात एक सुशिक्षित तरुण अर्धा तास उभा राहून प्रश्न विचारीत होता. कोणता भाग, कोणत्या सालचा, कोणत्या क्रमांकाचा, हे सारे त्याने समजून घेतले, डबीवरील क्रमांकाचे छायाचित्र घेतले, आणि तो भाग भ्रमणध्वनीवरून स्वस्तात मागवीत मागवीत पायरी उतरला. कायद्याने त्याने काही गैर केले नाही. पण ज्ञान एकाचे आणि मोबदला दुसऱ्यास, असा व्यवहार सर्वांनीच मांडला, तर जाणत्यास दुकान उघडे ठेवणे परवडणार नाही. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, घेणाऱ्यास चांगल्या-वाईटाची पारख करता येत नसली, की वाईट माल चांगल्यास बाजाराबाहेर घालवितो. हाच नियम दुकानदारांसही लागू पडावा. सांगणारा आणि न सांगणारा यांत आपण केवळ किमतीनेच निवड केली, तर उद्या बाजारात न सांगणारेच उरतील, आणि तेव्हा तक्रार करण्याचा अधिकार आपणांस राहणार नाही. ज्याचे ‘नको’ आपण ऐकले, त्याच्याकडून एखादे ‘हवे’ही घ्यावे, मग थोडे अधिक पैसे पडोत. अजाणत्याचे देणे ते हेच.

वाचकांपैकी बहुतेकजण माझ्याप्रमाणेच सरकारी नोकरीत असतील, आणि दुकानदारीशी आपला काय संबंध, असे त्यांस वाटेल. वस्तुतः फळीमागे उभे असलेले जाणते आपणच आहोत. आपल्या नोकरीसही ‘सेवा’ म्हणतात. सेवाकाल, सेवापुस्तक, सेवानिवृत्ती हे शब्द आपल्या जिभेवर घोळतात. आपल्या टेबलाशी येणारी माणसे नियमांच्या बाबतीत तितकीच अजाण असतात, जितकी मी सिलिंडरच्या मापाच्या बाबतीत होतो. कुटुंबनिवृत्तिवेतनाचा अर्ज घेऊन आलेल्या विधवेस कोणता प्रश्न विचारावा हेच ठाऊक नसते. तिने चुकीचा नमुना भरून आणला, तर तो स्वीकारून, आवक क्रमांक देऊन, तीन महिन्यांनी ‘नियमात बसत नाही’ असे उत्तर पाठविणे पूर्णपणे नियमास धरून असते. त्यात खोटे काही नाही, मापात पाप नाही. डायोजिनीस आपणांस निर्दोष ठरवील. आणि आपल्याजवळ तर मौनासाठी त्या धान्याच्या व्यापाऱ्याइतकेही निमित्त नाही, कारण सांगितल्याने आपला एक पैही नफा बुडत नाही. ज्ञानाचे मोल आपणांस दरमहा आगाऊच ठरवून मिळालेले असते. परप्रांती तर हे देणे अधिकच वाढते. तेथे समोरचा माणूस नियमांस जितका परका, तितकाच आपल्या भाषेसही परका असतो.

कचेऱ्यांमधून ‘नाही’ पुष्कळ मिळते. माल नसला की दुकानदार म्हणतो तसेच ते, कोरडे आणि निर्दोष. त्याऐवजी कोणी कागद हातात घेण्यापूर्वीच म्हणाले, “हा नमुना तुम्हांस नको, तो दुसरा भरा, आणि सोबत हा एक दाखला जोडा,” तर त्यास अर्धे मिनिट अधिक लागेल. त्या अर्ध्या मिनिटाची नोंद कोणत्याही सेवापुस्तकात होणार नाही, गोपनीय अहवालात तिला रकाना नाही, आणि ती न झाल्याबद्दल कोणी जाबही विचारणार नाही. म्हणूनच ते देणे आहे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार सर्वस्वी फळीमागच्या माणसाकडे उरतो.